टंकलेखिकेने दाखवलेली खोटी जागा

निवृत्त झाल्यावर मी इंटरनेटवर माणसं झोडपायला लागलो. त्याआधी पस्तीस वर्षं उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर होतो, तिथं हेच काम पगारी होतं. भट्टीपुढे हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून मला ओरडायची सवय लागली, असं मी लोकांना सांगायचो. खरं तर सवय आधीचीच होती. भट्टीमुळे मला निमित्त मिळालं एवढंच.

कथा मात्र मी तरुणपणापासून लिहायचो. दोन-चार दिवाळी अंकांत छापून आल्या, बाकीच्या साभार परत. पुस्तक काही निघालं नाही, आणि ते न निघाल्याचं मला फार लागलेलं होतं. साठी ओलांडली तेव्हा बंगलोरच्या मुलाने त्याचा जुना कॉम्प्युटर ट्रान्सपोर्टने पाठवून दिला. स्वतः आला नाही. तो येत नसेच. दर रविवारी फोन करायचा, तोही आईला. मी उचलला तर "आई आहे का?" एवढंच विचारायचा. पोरांना कामं असतात, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

त्या सुमारास साठीपुढच्या कथालेखकांचा एक गट इंटरनेटवर सुरू झाला होता. एकाने कथा पाठवली की ती सगळ्यांच्या मेलमध्ये जायची. गट चालवायच्या त्या नाशिकच्या एक निवृत्त प्राध्यापिका. आम्ही त्यांना बाई म्हणायचो आणि त्यांना भीत असू. त्यांचे नियम कडक होते. सोमवारी कथा यायची. ज्याने ज्याने ती वाचली त्याने शनिवारपर्यंत कथेतली एक खोटी जागा दाखवायची. खोटी जागा म्हणजे जिथे वाचणाऱ्याचा विश्वास उडतो ती. एकच दाखवायची, पण दाखवायचीच. नुसतं "छान" लिहिलेलं चालायचं नाही. लेखकाने आठवडाभर तोंड उघडायचं नाही आणि रविवारी सगळ्यांना एकदम उत्तर द्यायचं. आम्ही सगळे कॉम्प्युटरला नवखे. निम्म्या लोकांच्या पडद्यावर जोडाक्षरांच्या जागी चौकोन उमटायचे, आणि कुणीतरी तो चौकोनच खोटी जागा म्हणून दाखवायचं.

मी एकावर कधी थांबलो नाही. एक खोटी जागा मागितली की दहा द्यायचो. सत्तरीच्या एका आजींनी आयुष्यातली पहिली कथा पाठवली होती, सुनेवर. मी त्यांना लिहिलं, ही सून नाही, हे भिंतीवरचं कॅलेंडर आहे. त्या आजींनी रविवारचं उत्तर दिलंच नाही, पुन्हा कधी काही पाठवलंही नाही. बाईंनी मला समज दिली. बाकीचे मला पैलवान म्हणायला लागले आणि मला त्याचा अभिमान वाटला. हे आता लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

हे सगळं टाइप करायची माझी बायको. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं मशीनमध्ये गेलेली, उरलेली बोटं जाड, एक बटण दाबायला गेलो की दोन दाबली जायची. ती इचलकरंजीची. लग्नाआधी मराठी टायपिंगची चाळीसच्या वेगाची परीक्षा पास झालेली. त्या परीक्षेचा आमच्या घरात कधी उपयोग झाला नव्हता, कारण मी नोकरी करू दिली नव्हती. आता तीस वर्षांनी तो झाला. सकाळची भांडी झाली की ती पदराला हात पुसून कॉम्प्युटरपुढे बसायची. मी तिच्या उजव्या बाजूला खुर्ची टाकून वहीतलं वाचून दाखवायचो. उजव्या बाजूला, कारण तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी मनाशी ठरवलं, यांना कथा म्हणजे काय असते ते दाखवू. बाईंनी जाहीर केलं होतं की गटाचा एक छापील संग्रह निघणार, आणि चांगल्या निघालेल्या कथा त्यात जाणार. त्रेसष्टाव्या वर्षी का होईना, पुस्तकात नाव. मला ते हवंच होतं. मग मी घरातलाच ऐवज बाहेर काढला.

कथा अशी होती. फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाची बादली कलंडते, एका कामगाराचा पाय घोट्यापासून जळतो. चामडं आणि बूट एकच होऊन जातं. सुपरवायझर त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात नेतो, आणि त्याच्या किंकाळ्या कानात घेऊन घरी येतो. बायको विचारते, "आज लवकर?" तेवढ्यावरून तो तिला मारतो. आधी थोबाडीत, मग केस धरून, मग हाताला लागलेला पितळेचा तांब्या फेकून. तांब्या कानशिलावर बसतो. ती भिंतीवर आपटते. कानातून रक्ताची बारीक धार येते. मग ती उठते, त्याच तांब्यात पाणी आणून त्याच्यापुढे ठेवते, कारण त्याच्या आत काय जळतंय ते तिला कळलेलं असतं. तो पाणी पितो आणि रडतो. संपली कथा.

यातलं रडणं सोडलं तर बाकी सगळं आमच्याच घरातलं. आणि ते मी तिलाच सांगून टाइप करून घेतलं. माणूस किती निर्लज्ज होऊ शकतो ते पाहायचं असेल तर ती सकाळ पाहायला हवी होती. मी चष्मा लावून, आवाजात चढ-उतार करून वाचत होतो. तिची बोटं चालली होती. तांब्या आला, कानशील आलं, रक्त आलं, तिची बोटं एकदाही अडखळली नाहीत. फक्त एका ठिकाणी ती थांबली.

"भिंत की कपाट?" तिने विचारलं.

"काय?"

"भिंतीवर आपटली म्हणताय. कपाट हुतं की तिथं. लोखंडी."

"कथा हाय ही," मी म्हणालो. "पंचनामा न्हवं. भिंत लिव्ह."

तिने भिंत लिहिलं.

सोमवारी कथा गेली आणि मंगळवारपासून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायला लागलं. पुण्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं की टेम्पोचा प्रसंग लांबलाय, बाकी कथा अंगावर येते. बेळगावच्या बाईंना शेवटचं रडणं थोडं जास्त वाटलं. नागपूरचे एक निवृत्त पोलीस अधिकारी गटात होते. त्यांनी लिहिलं, "आयुष्यभर पंचनामे केले. हा मार खरा आहे. प्रत्येक घाव जिथे बसायला हवा तिथेच बसलाय. मला खोटी जागा सापडत नाही, बाईंनी दंड करावा." हे मी तीन वेळा वाचलं. बायकोलाही ऐकवलं. ती मेथी निवडत होती. "बरं हाय की," म्हणाली. गुरुवारी बाईंनीही कळवलं की संग्रहाची सुरुवात या कथेने करावी असं त्यांच्या मनात आहे. त्या दिवशी मी स्वतः जाऊन दोन पिशव्या भरून मटण आणि भाजी आणली आणि तांबडा रस्सा करायला लावला.

शुक्रवारी सकाळी मेल उघडली. मला माऊस फिरवून वाचता यायचं, तेवढं तिने शिकवलं होतं. सगळ्यात वर माझ्याच नावाने आलेली एक मेल. मला वाटलं, काहीतरी चूक झाली असेल, माझीच मेल फिरून परत आली. उघडून वाचली.

"नियमाप्रमाणे एक खोटी जागा दाखवते. कथा मी टाइप केली, म्हणजे मीही वाचली आहे. मार बरोबर आहे, त्याबद्दल नागपूरच्या साहेबांशी मी सहमत आहे. पण मार खाल्ल्यावर ती त्याला पाणी देते, कारण त्याचं दुःख तिला कळतं, असं लिहिलं आहे. ही जागा खोटी आहे. तांब्या परत त्याच्या हाताजवळ गडगडत गेला होता आणि तो रिकामा होता. भरलेला तांब्या माणूस फेकत नाही, असं तिला त्या वेळी वाटलं, म्हणून तिने तो भरून ठेवला. दुःख वगैरे तिला काही कळलं नव्हतं. डाव्या कानात शिट्टी वाजत होती. टंकलेखिका."

तळपायाची आग मस्तकात गेली, हे मी कथांमध्ये पुष्कळदा लिहिलं होतं. त्या दिवशी ती कशी जाते ते कळलं. गटातली सगळी माणसं, बाई, नागपूर, बेळगाव, सगळ्यांच्या घरी ही मेल एव्हाना पोचली होती. मी की-बोर्ड उचलला. वायर ताणली, तुटली नाही, म्हणून आणखी जोरात ओढली, आणि तो टेबलाच्या कडेवर आपटला. एकदा नाही, चार-पाच वेळा. बटणं उडून फरशीवर पसरली. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिच्या अंगावर धावून गेलो आणि हात उचलला.

ती मागे सरली नाही. तिने नेहमीसारखा कानावर हातही घेतला नाही.

"मारा," ती म्हणाली. "पण मग तेबी लिवीन मी. आता लिवाय येतंय मला."

माझा हात खाली आला. तो चांगुलपणाने आला असं कुणी समजू नये. त्या क्षणी माझ्या डोळ्यापुढे तिचा कान नव्हता. नागपूरचे साहेब होते, संग्रहाचं पहिलं पान होतं. ते जाणार म्हणून मी घाबरलो होतो. मी तिला घाणेरड्या शिव्या दिल्या, गल्लीतल्या खिडक्या उघडेपर्यंत दिल्या, आणि चप्पल घालून रंकाळा तलावावर जाऊन बसलो. तिथे एका माणसाचा गाडीवरून धक्का लागला तर त्याची कॉलर धरली. "ओ पावणं, डोकं ठिकाणावर हाय काय?" तो म्हणाला. नव्हतं.

घरी आलो तेव्हा फरशी झाडलेली होती. बटणं एका वाटीत गोळा करून टेबलावर ठेवली होती. शनिवारी मी राजारामपुरीतून नवीन की-बोर्ड आणला, तोही तिनेच जोडला आणि सुरू होतो का ते पाहिलं.

"टाइप कर म्हणालो तर करशील?" मी विचारलं.

"न्हाई."

"उद्या उत्तर द्यायचं हाय मला."

"द्या की. बोटं हायत तुम्हाला."

गटात त्या दोन दिवसांत फक्त दोन मेल आल्या होत्या. नागपूरच्या साहेबांनी लिहिलं होतं, "मी माझं मत मागे घेतो. घाव बघितले, कुणाच्या अंगावरचे ते विचारलं नाही. नोकरीत असतो तर मला हे शोभलं नसतं." आणि बाईंनी लिहिलं होतं, "लेखकाने रविवारी उत्तर द्यावे. नियम तोच. संग्रहाचं नंतर पाहू."

रविवारी सकाळी नाश्ता न करता बसलो. एक बोट वापरून टाइप करायला लागलो. काय लिहायचं ते रात्रभरात ठरवलं होतं. "कथा आणि आयुष्य यांत गल्लत करू नये. लेखक जे लिहितो ते त्याने केलंच असं नसतं." एवढी दोन वाक्यं टाइप करायला पाऊण तास लागला. घामाघूम झालो. वाचून पाहिलं. चांगली भारदस्त वाक्यं होती. बाईंना पटली असती, बेळगावला तर नक्कीच पटली असती. संग्रहातली जागा वाचली असती.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. ती ओले हात घेऊन धावत गेली. रिसीव्हर उचलला डाव्या हाताने, कारण फोन त्या बाजूला होता, आणि मग अंगावरून आडवा नेऊन उजव्या कानाला लावला. वायर गळ्याशी गुंडाळली गेली. तशीच ती बोलत राहिली, हसत राहिली. वीस वर्षं ती असाच फोन घेत होती. मी समोर बसून पेपर वाचत वीस वर्षं ते बघत होतो. मला एकदम इतकी शरम वाटली की पडद्याकडे बघवेना. मी ती दोन वाक्यं खोडली. खोडायला मात्र वेळ लागत नाही.

मग लिहिलं, "टंकलेखिकेने दाखवलेली जागा खोटी आहे हे मला मान्य आहे. ती माझी पत्नी. हे एकदा माझ्या हातून घडलं." अर्धा तास गेला. लिहून झाल्यावर मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. मी किती मोठ्या मनाचा, असंही कुठेतरी वाटून गेलं.

फोन ठेवून ती आली आणि माझ्या मागे उभी राहिली. वाचलं.

"एकदा?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. दुकानदाराने वजन चुकीचं सांगितलं तर विचारतो तसं विचारलं.

"मग किती लिहू?"

"मला इचारताय?" असं म्हणून ती कणीक मळायला निघून गेली.

मी "एकदा" खोडलं. त्या जागी काय घालायचं ते सुचेना. "कधीकधी" टाइप केलं, ते वाचून मलाच लाज वाटली. शेवटी म्हटलं, आठवून लिहू, एकेक. या वयात निदान हिशोब तरी सरळ सांगू. आणि मी खाली एकाखाली एक लिहीत गेलो. पहिला, लग्नाच्या वर्षी, माहेराहून एक दिवस उशिरा आली म्हणून थोबाडीत. दुसरा, कोर्टातल्या टायपिस्टच्या जागेचं बोलावणं आलं आणि तिने ते माझ्यापासून लपवलं म्हणून, कंबरपट्ट्याने, पाठीवर, बक्कल लागेपर्यंत. तिसरा, तांब्या. चौथा, स्टँडवर, चारचौघांत, चंदगडच्या एसटीत पिशवी विसरली म्हणून लाथ. पाचवा, मागच्या गॅलरीत कोंडून, ओल्या फोकाने पायांवर. हा मला सगळ्यात स्पष्ट आठवत होता. पोटऱ्यांवरचे निळे-लाल वळ, पाण्याच्या टाकीमागे अंग चोरून बसणं, आणि फोक मोडल्यावर मी शेवग्याची दुसरी फांदी तोडायला गेलो होतो तेही.

एव्हाना पोळ्यांचा वास यायला लागला होता. मी तिला हाक मारली. ती लाटणं हातात घेऊनच आली. वाकून, डोळे बारीक करून, प्रत्येक ओळ सावकाश वाचली. पाचव्या ओळीवर तिने लाटण्याचं टोक पडद्याला टेकवलं.

"ह्यो मी न्हवं," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"फोक मला कधी न्हवता. पोरगा हुता त्यो. सातवीत हुता."

मी तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. टाकीमागचे ते पाय माझ्या डोळ्यापुढे होते. बारीक होते. गुडघ्यावर खपली होती. हाफ चड्डी होती. इतका वेळ मी त्या पायांना साडी नेसवून बघत होतो. आयुष्यात इतकं मारलं होतं की मार कुणाला होता हेच मी विसरून गेलो होतो.

"ती ओळ खोडू?" मी विचारलं. मूर्खासारखाच प्रश्न होता.

"खोडू नका. त्याचं निराळं लिवा. खाली."

मी खाली गेलो. "मुलगा" असं टाइप केलं. अक्षरं दिसेनाशी झाली, चष्मा काढून पुसला, परत लावला. एक टिंब दिलं. फोकाचं लिहिलं. त्याच्यापुढे काय ते मला आठवेना. खरंच आठवेना. मी बोट तसंच धरून तिच्याकडे पाहिलं.

ती लाटणं मांडीवर ठेवून शेजारच्या खुर्चीवर बसली आणि सांगायला लागली. दुसरीत, पाढे येत न्हवते म्हणून. चौथीत, सायकल पाडली म्हणून. चौथीतच, रडला म्हणून. पाचवीत, मला मारताना मधे पडला म्हणून, भिंतीवर डोकं, तीन टाके. तिला वर्ग आठवत होते, कपडे आठवत होते, कुठल्या हाताने मारलं ते आठवत होतं. माझं बोट दुसरीतल्या पाढ्यांवरच होतं.

"हळू सांग," मी म्हणालो. "माझं लिवून झालं न्हाई अजून."

ती हळू झाली नाही.